डेसरसाहेबांचा घोडशिंगाडा

त्यांच्या दाराशी पत्र्याची एक पाटी होती : ‘येथे डॉक्टर राहत नाही.’ पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली होती आणि ती लावल्यापासून दुखणेकऱ्यांची गर्दी वाढली, अशी त्यांची तक्रार होती. जऊळका स्टेशनवर उतरलेल्या परगावच्या माणसाने डॉक्टरांचं घर विचारलं, की लोक सांगायचे, “ते पाटी दिसून राह्यली ना, तेच.”

“मी डॉक्टर नाई,” ते आलेल्या प्रत्येकाला सांगत. “मी डेसर. आन् तो बी खच्चरायचा.”

हे खरं होतं. फौजेत पंधरा-सोळा वर्षं ते डोंगरातल्या खच्चरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. खोगिराने सोललेल्या पाठी, मुरगळलेले पाय, दगडाने फाटलेले खूर यांत त्यांचं तारुण्य गेलं होतं. ड्रेसरचं गावाने डेसर केलं आणि पुढे साहेब जोडला. त्यांचं खरं नाव पोस्टमनला माहीत होतं, कारण पेन्शनचे कागद यायचे.

मी त्यांच्याकडे भाड्याने राहिले ती चार वर्षं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी मी अमरावतीहून जऊळक्याच्या शाळेत बाई म्हणून आले. वय बावीस, नोकरी कच्ची. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी पायांकडे पाहिलं.

“दिवसभर उभं राह्यता?”

“शाळेत खुर्ची आहे,” मी म्हटलं, “पण तिला तीनच पाय आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोक्यावर स्वतःची खुर्ची घेऊन शाळेत आले, ती माझ्या वर्गात ठेवली, हेडमास्तरांना कडक सलाम ठोकला आणि परत गेले. भाड्याचं नंतर त्यांच्या बायकोने ठरवलं. तिला मी मावशी म्हणायचे. मावशींचं म्हणणं असं, की यांना माणसांशी बोलता येत नाही, म्हणून ते माणसांशी खच्चरांसारखंच बोलतात. तेही खरं होतं. कोणाच्याही जवळ जाताना ते डाव्या बाजूने जायचे, खांद्यावर दोन थापा मारायचे आणि “शाबास, उभा राय” म्हणायचे. गावच्या सरपंचांनाही त्यांनी एकदा असंच उभं केलं होतं. सरपंच उभे राहिले.

दुसरा स्वभाव धुण्याचा. ते सगळं धुवायचे. भाजी धुणं समजू शकतं. ते नाणी धुवायचे, खडीसाखर धुवायचे, आणि एकदा त्यांनी काडेपेटीही धुतली. धुतलेल्या काड्या अंगणात उन्हात एका रांगेत वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत. मावशींनी त्या दिवशी शेजारून विस्तव आणला आणि कोणालाही काही सांगितलं नाही. हे मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण माझ्या हातून पुढे जे झालं ते या धुण्याला मी वेड समजले म्हणून झालं.

दरवर्षी थंडीत त्यांच्या नावाने रेल्वेने एक पोतं यायचं. फौजेतला त्यांचा एक दोस्त हिमाचलात राहायचा, तो पाठवायचा. पोत्यात बिया असायच्या. चिंचोक्यासारख्या चकचकीत, तपकिरी, पण लिंबाएवढ्या, आणि एका बाजूला फिकट डाग, जसा घोड्याचा डोळा. पहाडात त्याला खनोर म्हणतात, असं ते सांगायचे. गावाने त्याचा घोडशिंगाडा केला. इंग्रजीत त्याच्या जातभाईला हॉर्स चेस्टनट म्हणतात, हे मला पुढे अकोल्याच्या वाचनालयात कळलं.

पहाडी लोक पोट दुखणाऱ्या घोड्यांना हे देतात, त्याचं तेल सांध्यांना चोळतात, आणि दुष्काळ पडला तर त्याचं पीठ खातातही. पण आधी दळून, फडक्यात बांधून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दिवसच्या दिवस ठेवतात. कच्चं खाल्लं तर विष. हे सगळं डेसरसाहेबांनी मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. मी “हो का?” म्हटलं होतं.

जऊळक्यात वाहता ओढा थंडीनंतर कुठून आणायचा? त्यांनी स्टेशनच्या पाण्याच्या टाकीखाली गळणारा नळ शोधला. स्टेशनमास्तरांची परवानगी काढली आणि पिठाचं गाठोडं त्या धारेखाली आठ दिवस टांगलं. खाली वाहून जाणाऱ्या पाण्याला त्यांनी चर खणून खड्डा केला आणि तिथे पाटी लावली : ‘हे पाणी जनावरांनी पिऊ नये.’

“जनावरांना वाचता येतं का?” मी विचारलं.

“त्यायच्या मालकायले येते, असं मी धरून चाललो.”

आठ दिवसांनी ते पीठ जिभेच्या टोकावर ठेवून बघत. जराही कडू लागलं तर अजून चार दिवस. मग वाळवून, डब्यात भरून, कागदाच्या पुड्या.

पुडी मिळणं मात्र सोपं नव्हतं. माणूस आला, की ते त्याला ओट्यावर बसवत, नडगीवर अंगठा दाबत आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघत. एकच पाय सुजला का दोन्ही? पाय गरम आहे का? चालताना दम लागतो का? लघवी नीट होते का? बाई असेल तर मावशी आत नेऊन विचारायच्या, दिवस गेलेत का? यातल्या एकाचंही उत्तर मनासारखं आलं नाही, तर पुडी नाही. “वाशिमले जा. तिथं डॉक्टर राह्यते.” पोलीस पाटलांच्या आईला त्यांनी असंच परत पाठवलं. म्हातारीचे दोन्ही पाय सुजले होते आणि तीन पावलांत धाप लागत होती. पाटील चिडले. “एवढ्या लोकायले देता, आमालेच काहून नाई?” डेसरसाहेब म्हणाले, “हे दुखनं पायाचं नाई, छातीचं हाये. पाय नुसते सांगून राह्यले.” वाशिमच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, पण पाटील पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

ज्यांना पुडी मिळे त्यांना तिच्याबरोबर पट्टीही घ्यावी लागे. फौजेत पायाला गुंडाळतात तशी लांब, खाकी. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, खाली घट्ट, वर सैल. सकाळी उठल्याबरोबर बांधायची, दुपारी पाऊण तास पाय पोत्यावर उंच ठेवून निजायचं. निजायला वेळ नाही म्हणणाऱ्याला ते म्हणायचे, “मंग पुडी बी नाई.”

त्यांचा सगळ्यात जुना दुखणेकरी स्टेशनबाहेरचा हॉटेलवाला. हॉटेल म्हणजे चार बांबू, एक पत्रा आणि भट्टी. पहाटेच्या गाडीपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत तो भट्टीसमोर उभा. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा अशा उमटलेल्या, जसा सुंभाचा दोर कातडीखाली कोंबला आहे. पुडी आणि पट्टी सुरू झाल्यावर त्याचा ठणका कमी झाला. रात्रीची झोप लागू लागली. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना पाय वर करून दाखवायचा, त्यामुळे काही लोक चहा न घेता निघून जायचे.

आता ते सांगते.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका रविवारी, डेसरसाहेब आणि मावशी सकाळच्या गाडीने अकोल्याला नातेवाइकांकडे गेले. घराची किल्ली माझ्याकडे. दुपारी हॉटेलवाल्याची बायको आली. लग्नसराई होती, गाड्यांना गर्दी, तिचा नवरा चार दिवस निजला नव्हता. पट्टी सोडून टाकली होती, कारण गरम व्हायचं. पाय सुजून टम्म झाला होता.

“बाई, दोन पुड्या द्या न. लय कन्हून राह्यले.”

मी डबा उघडला. डबा रिकामा होता. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिला आढ्याला टांगलेलं पोतं दिसलं.

“त्याचंच पीठ करतात ना? तेच द्या. मी घरी वाटून घेतो.”

मला पाणी, नळ, गाठोडं, सगळं आठवलं. पण त्याचबरोबर उन्हात रांगेने वाळणाऱ्या काड्याही आठवल्या. वाटलं, हा माणूस काडेपेटीसुद्धा धुतो. त्याच्या आठ दिवसांचं एवढं काय! शिकलेली मी होते. मी तिला दोन बिया दिल्या. वर सांगितलंही, “सोलून, वाटून, दुधातून द्या.” दुधाचं माझ्याच मनाचं. औषध दुधातून देतात, एवढं मला माहीत होतं.

पाचच्या सुमाराला बाहेर गलका झाला. मी धावत गेले. हॉटेलवाला भट्टीशेजारी पडलेला. उलट्या चाललेल्या, पोट आवळून धरलेलं, हातपाय थरथरत होते. उठवून उभा केला, तर दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खाऊन पुन्हा खाली. दारूला तो कधी शिवत नसे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

तेवढ्यात अकोल्याहून येणारी गाडी आली आणि डेसरसाहेब उतरले. गर्दी बाजूला सारून ते डाव्या बाजूने त्याच्याजवळ गेले, पापणी उघडून पाहिली आणि वर बघितलं. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी थेट मला विचारलं.

“किती?”

“दोन.”

“धुतलेलं?”

“नाही.”

त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. स्टेशनमास्तरांना ओरडून सांगितलं, “गाडी थांबवा!” ती गाडी पुढे वाशिमलाच जाणार होती. चौघांनी उचलून हॉटेलवाल्याला डब्यात घातलं. मावशींना त्यांनी घरी पाठवलं, त्याच्या बायकोला आणि मला बरोबर घेतलं. निघताना गावातला एकजण खिडकीशी येऊन म्हणाला, “डेसरसायेब, शिळं खाल्लं म्हना. उगाच तुमच्यावर येईन.” दुसऱ्याने मान डोलावली. डेसरसाहेब म्हणाले, “शिळं खाल्लं म्हनलं तं डॉक्टर शिळ्याचं औषध देईन.”

वाटेत त्यांनी त्याला कुशीवर निजवून त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि एकसारखं बोलत होते, “शाबास. शाबास. घाट संपला. आता उतार हाये.” बाहेर सगळं सपाट रान होतं. मी समोर बसले होते. माझ्या मनात त्या वेळी काय होतं, ते खरं सांगायचं तर आधी हा माणूस जगू दे, आणि लगेच, माझी नोकरी. दोन्ही एकाच दमात.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. डेसरसाहेबांनी सावधान उभं राहून रिपोर्ट दिला : कोणती बी, किती, कच्ची, किती वाजता, उलट्या किती. खिशात नेहमी असायची ती एक बी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटीपालटी करून पाहिली. तसलं काही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. सलाईन वगैरे सुरू करून ते बाहेर आले आणि कागद पुढे ओढला.

“हे कोणी दिलं याला?”

हॉटेलवाल्याची बायको खाली बघत होती. मी टेबलावरच्या बीकडे बघत होते.

“साहेब, माझ्या घरातलं हाये.”

“तुम्ही दिलंत?”

“दवाखाना माझा, गलती माझी.”

“तुमच्याकडे डॉक्टरकीचा परवाना आहे?”

“नाई साहेब. घोड्याचा बी नाई.”

डॉक्टर संतापले. पोलिसांत देईन म्हणाले, माणूस गेला तर काय होईल ते सांगितलं, अडाण्यांनी असले धंदे करू नयेत म्हणाले. डेसरसाहेब प्रत्येक वाक्याला “जी साहेब” म्हणत होते. कागदावर त्यांनी सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, सकाळच्या गाडीनं वापस जा. शाळा हाये तुमची.”

आणि मी गेले. सकाळी वर्गात जाऊन मी त्यांच्या खुर्चीवर बसून पाढे घेतले. याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

दोन दिवस डेसरसाहेब दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला उठून बसला आणि चहा बेचव आहे म्हणाला, तेव्हा ते निघाले. डॉक्टरांनी शेवटी पोलिसांत दिलं नाही. पण पुन्हा कोणाला तोंडाने घ्यायचं काही देणार नाही, असं लिहून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी पोतं खाली काढलं, गावाबाहेर नेलं आणि जाळलं. तीन तास लाकडी दांड्याने ढोसत उभे होते. हिमाचलच्या दोस्ताला पत्र टाकलं, पुढे पाठवू नको.

यानंतर कोणी त्यांच्या दाराशी येणार नाही, असं मला वाटलं होतं. झालं उलटं. माणूस मरता मरता वाचला, म्हणजे औषधात दम आहे, असं पंचक्रोशीने ठरवलं. शेलूबाजारहून, कामरगावहून लोक यायला लागले. एकजण म्हणाला, “धुतलेलं नको, आमाले कच्चंच द्या. थोडं द्या, पन कच्चं द्या.” डेसरसाहेब ओट्यावर बसून सगळ्यांना एकच सांगायचे, “पट्टी घ्या, पाय वर करून निजा, नाई तं वाशिमले जा.” निम्मे लोक शिव्या देत जायचे. निम्मे पट्टी घ्यायचे. खाकी पट्ट्या संपल्या, तेव्हा मावशींनी जुनी लुगडी फाडली. काही दिवस जऊळक्याचे बाप्ये हिरव्या-जांभळ्या पोटऱ्या घेऊन फिरत होते.

महिनाभराने मी धीर केला. ते अंगणात कांदे धूत होते.

“काका, माझं नाव का नाही सांगितलंत?”

“खच्चर पडलं तं डेसरनं पयले खच्चर पाहाव,” ते कांद्यावरून नजर न काढता म्हणाले. “खोगीर कोनं कसलं, ते मंग.”

“मग ‘मंग’ झालं की. आता विचारा.”

“आता खच्चर उभं झालं. आता कायले विचारू?”

मी तिथेच रडले. त्यांनी माझ्या डाव्या बाजूला येऊन खांद्यावर दोन थापा मारल्या. मग डोळे पुसून, बोलायचं म्हणून, मी वाचनालयात वाचलेलं सांगितलं. परदेशात त्याच्या जातभाईच्या बियांतून विषारी भाग काढून अर्क करतात, शिरांच्या सुजेवर देतात, थोडाफार गुण येतो म्हणे. पण आठ दिवस पाण्याखाली ठेवलं, तर विषाबरोबर औषधही वाहून जात असणार. म्हणजे पुडीत नुसतं पीठच उरत असणार.

“मले तसं वाटलंच होतं,” ते म्हणाले.

“मग देत का होतात?”

“नुसती पट्टी बांधाले कोनी येत नाई बाई. पाय वर करून निजा म्हनलं तं लोक हसतात. पुडी देली, का येतात.” त्यांनी एक कांदा उजेडात धरून पाहिला. “पुडीनं पाय माझ्यापाशी येत होते. बाकी काम पट्टीचं. पन लोकायले पुडी खरी वाटली, हे बी माझीच गलती. तुमी एकट्या कायले घेता?”

त्या दिवसानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. पण माझ्यापुरता तो संपलाही नव्हता. पुढची दोन वर्षं मी हॉटेलसमोरून जाताना मान खाली घालून जायचे. त्याची बायको भेटली, की रस्ता बदलायचे. गावाला कळलं तर काय, ही भीती होती, आणि कळत नाही याचं ओझंही होतं. हेडमास्तरांनी माझ्या कामाचा शेरा चांगला लिहिला, नोकरी पक्की झाली, तेव्हा मी पेढे वाटले नाहीत.

मग कारंज्याला बदली झाली. निघायच्या दिवशी फलाटावर सगळे आले. हेडमास्तर, मावशी, डेसरसाहेब, शाळेतल्या चारपाच मुली. हॉटेलवाला किटली घेऊन आला, मागे त्याची बायको. गाडी उभी राहिली. त्याने कप पुढे केला आणि माझ्याच्याने तो घेववेना.

“त्या बिया मी दिल्या होत्या,” मी म्हटलं. मोठ्याने. सगळ्यांसमोर.

कोणीच दचकलं नाही. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“मालूम हाये ना बाई,” हॉटेलवाला म्हणाला. “चाय घ्या. थंडी होऊन राह्यली.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आख्ख्या गावाले मालूम हाये,” त्याची बायको म्हणाली. “हे सुदीवर आले, तवा सायबानं पयली गोष्ट हेच सांगतली यायले. म्हने, पोरीची नवी नोकरी हाये. बाईचं नाव तोंडातून काढलं तं तुही पट्टी बंद. मंग गावात घरोघरी जाऊन सांगतलं.”

“घरोघरी?”

“कोनी बोलू नये म्हनून,” मावशी म्हणाल्या. “ज्याले मालूम नोतं, त्याले बी मालूम झालं.”

मी डेसरसाहेबांकडे पाहिलं. ते हॉटेलवाल्याच्या बायकोकडे रागाने बघत होते. मग डाव्या बाजूने माझ्याजवळ आले.

“हलकं वाटून राह्यलं का आता?”

मी होकाराची मान डोलावली.

“मंग चढा. गाडी काई तुमच्यासाठी थांबनार नाई.”

गाडी सुटायची वेळ होऊन दोन मिनिटं झाली होती. स्टेशनमास्तर हिरवी झेंडी काखेत धरून आमच्या मागेच उभे होते. तेही ऐकत होते.